यकृताचा कर्करोग: रिपोर्ट चांगला, पण माणूस कसा आहे?

रानजाई

नमस्कार मंडळी,

यकृताच्या कर्करोगाबद्दल शोधायला गेलं की गाठ किती सेंटिमीटरची, रक्तातलं एएफपी (या कर्करोगात वाढू शकणारं एक प्रथिन) किती, स्टेज कुठली, उपचार कुठला, एवढंच हाती लागतं. ज्याला हा आजार झालाय तो दिवस कसा काढतो, झोपतो का, कुणाशी मोकळं बोलतो का, यावर मराठीत फारच कमी वाचायला मिळतं. म्हणून हा धागा काढतेय. अनुभव आणि माहिती, दोन्ही हवंय.

आमचे बाबा ६६ वर्षांचे. आधी सिऱ्होसिस, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक होणं, त्यातून कर्करोग. टेस झालं, म्हणजे गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडून ती धमनी बंद करतात ते. त्यानंतरचा एमआरआय चांगला आलाय, डॉक्टर समाधानी आहेत. बाबा मात्र गप्प गप्प असतात. पेपर उघडतात आणि अर्ध्या तासाने बघावं तर तेच पान समोर. दुपारभर झोप, रात्री टक्क जागे. आई म्हणते खचलेत, दादा म्हणतो एवढ्या उपचारानंतर थकवा यायचाच. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पुरेसं वाटत नाही.

हे नैराश्य आहे का ते कसं ओळखायचं? आणि कोणाकडे जायचं, लिव्हरच्या डॉक्टरांकडे की मानसोपचारतज्ज्ञांकडे?

औदुंबर

यकृतविकार विभागात बरीच वर्षं काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. निदान इथे होणार नाही, पण तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टींकडे लगेच लक्ष गेलं. झोपेचं उलटलेलं चक्र आणि तेच पान.

नैराश्याचा शिक्का मारण्याआधी हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी आहे का ते तपासून घ्या. यकृत थकलं की आतड्यात तयार होणारा अमोनिया आणि इतर घातक द्रव्यं नीट निकामी होत नाहीत, ती रक्तातून मेंदूपर्यंत जातात. हे वाढलं तर कुणाच्याही लक्षात येतं. माणूस असंबद्ध बोलतो, हात पुढे करून मनगटं वर उचलायला सांगितली तर पंजे फडफडतात. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. तिथे माणूस बोलतो चालतो व्यवस्थित, फक्त लक्ष टिकत नाही, सोपा हिशेब अडतो, अक्षर बिघडतं, स्वभाव सुस्त नाहीतर चिडका होतो. घरच्यांना वाटतं, मनाला लावून घेतलंय.

याच्या चाचण्या साध्या आहेत. कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने जोडायला सांगतात, किंवा एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी म्हणायला सांगतात. नुसत्या रक्तातल्या अमोनियाच्या आकड्यावर निर्णय होत नाही. कारणंही शोधावी लागतात: बद्धकोष्ठ, कुठेतरी जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव, शरीरातलं पाणी कमी होणं आणि झोपेची गोळी. शेवटचं मुद्दाम लिहितोय. रात्री झोप नाही म्हणून घरात पडलेली गोळी दिली जाते, आणि अशा रुग्णात तीच गोळी मेंदू आणखी झाकोळते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

उपचार आहे. लॅक्टुलोज, दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला होईल इतक्या प्रमाणात. गरज पडली तर रिफॅक्सिमिन. म्हणून आधी लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा, आणि "बाबा उदास आहेत" एवढंच न सांगता झोपेच्या वेळा आणि ते पेपरचं पान, हेच सांगा. आणि तोवर बाबांना गाडी चालवू देऊ नका.

मोरपीस

औदुंबर, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

पाणवठा

मी कर्करोगाच्या रुग्णांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. औदुंबर यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्याला जोडून: एन्सेफॅलोपॅथी आहे म्हणजे नैराश्य नाही, असं नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. एकाचा उपचार झाला की दुसरं स्पष्ट दिसायला लागतं.

नैराश्य ओळखायच्या नेहमीच्या खुणा इथे फसव्या ठरतात. भूक नाही, झोप नाही, वजन उतरलं, अंगात त्राण नाही, हे सगळं यकृताच्या आजारानेही होतं. शरीरातल्या दाहामुळेही माणूस गळून जातो. म्हणून मी वेगळ्या गोष्टी ऐकते. आवडती व्यक्ती भेटायला आली तर चेहरा क्षणभर तरी खुलतो का? "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" हे पालुपद सुरू झालंय का? पुढच्या महिन्याबद्दल काहीच बोलणं होत नाही का? थकलेल्या माणसाला करायचं असतं पण झेपत नाही. खचलेल्या माणसाला झेपलं तरी करावंसं वाटत नाही. ही रेघ नेहमीच इतकी ठळक नसते, पण बोलायला सुरुवात करून देते.

१९८३ साली तयार झालेली 'हॅड्स' नावाची प्रश्नावली याच अडचणीसाठी उपयोगी पडते. रुग्णालयातल्या रुग्णांसाठी ती बनवताना शारीरिक लक्षणं मुद्दाम बाजूला ठेवली. एकूण १४ प्रश्न, ७ चिंतेचे आणि ७ नैराश्याचे. त्याहून सोपं साधन म्हणजे ताणाचा तापमापक: ० ते १० मध्ये गेल्या आठवड्यातला ताण किती, एवढंच विचारायचं. ४ किंवा जास्त सांगितलं तर पुढे बसून बोलायचं.

आणि एक प्रश्न थेट विचारायला घाबरू नका: "जगणं नको असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. कर्करोगाचं निदान कळल्यानंतरचे पहिले काही आठवडे यासाठी सगळ्यात नाजूक असतात. उत्तर "हो" आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मदत गाठायची.

कवडसा

मी स्वतः रुग्ण आहे, म्हणून आतून लिहितो.

माझा आजार शस्त्रक्रियेच्या पलीकडचा. आधी सोराफेनिबच्या गोळ्या होत्या. तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटायचे. शर्टाची गुंडी काजात घालताना बोटांच्या टोकाला चटका बसायचा, म्हणून बायको गुंड्या लावून द्यायची. गाठ एमआरआयमध्ये दिसते, हे दिसत नाही. त्या काळात कुणी विचारलं असतं की सगळ्यात मोठा त्रास कुठला, तर मी कर्करोग म्हटलं नसतं, गुंडी म्हटलं असतं.

थकव्याबद्दल: हा झोप काढून जाणारा थकवा नव्हे. आंघोळ करून आलो की पलंगावर बसायचो आणि टॉवेल हातात तसाच. भेटायला येणारे म्हणायचे, "आराम करा." आरामच तर करत होतो. फायदा झाला तो रोज थोडं चालल्याने आणि दिवसातली एकच महत्त्वाची गोष्ट सकाळी उरकून टाकल्याने.

खाज हा आणखी एक विषय आहे ज्यावर कुणी बोलत नाही. कावीळ वाढली होती तेव्हा रात्री अंगभर खाज यायची, वर काही दिसत नसताना. दोन रात्री झोप नाही म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस कुणावरही खेकसतो. त्याला औषधं असतात. मी फार उशिरापर्यंत सांगितलंच नाही, कारण एवढ्या मोठ्या आजारात खाजेचं काय सांगायचं, असं वाटायचं. इथे वाचणाऱ्या रुग्णांनो, सांगा.

आणि स्कॅनचा आठवडा. तारीख जवळ आली की घरातले सगळे जपून बोलायला लागतात. पोटात डाव्या बाजूला कळ आली तरी वाटतं वाढलंय. यकृत उजवीकडे असतं हे ठाऊक असूनही. आता मी डॉक्टरांकडून स्कॅनच्या दिवशीच निकालाची वेळ ठरवून घेतो. निकाल कधी कळणार हे ठाऊक असलं की मधला काळ सहन होतो.

रानजाईताई, एक विनंती. बाबांबद्दल तुम्ही, आई, दादा, तिघांचं मत इथे आलंय. बाबांचं आलं नाही. त्यांना विचारा.

वाटसरू

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, फार मोलाचे आहेत. पण मला मनापासून वाटतं की मन खंबीर असेल तर शरीर साथ देतं. बाबांसमोर आजाराचा विषयच काढू नका, सतत सकारात्मक बोला. आमच्या काकांना याचा खूप आधार झाला.

पाणवठा

वाटसरू, काकांना आधार झाला हे वाचून बरं वाटलं, आणि त्यात घरच्यांच्या सोबतीचा वाटा मोठा असणार. पण सकारात्मक विचारांनी गाठ लहान होते, असं कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. "मन खंबीर ठेव" हे वाक्य ज्याला झेपत नाही त्याच्यावर दुहेरी ओझं टाकतं. आजार वाढला तर तोही आपल्याच कमकुवत मनामुळे, असं त्याला वाटायला लागतं. माझ्यासमोर बसून हे बोललेली माणसं आहेत. विषयच काढायचा नाही असं घराने ठरवलं की रुग्णही ठरवतो, आणि मग एकाच घरात सगळे आपापली भीती लपवून वावरतात.

मानसिक उपचारांचं काम जगणं सुसह्य करणं हे आहे, आणि ते छोटं काम नाही. लवकर सुरू केलेल्या पॅलिएटिव्ह, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांबद्दल २०१० साली फुप्फुसाच्या कर्करोगावर एक गाजलेला अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही मदत मिळालेल्या रुग्णांचं जीवनमान चांगलं राहिलं, नैराश्य कमी झालं आणि ते जास्त काळ जगलेही, मध्यक ११.६ महिने विरुद्ध ८.९ महिने. तो आजार वेगळा, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. पण पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले, हा समज त्या अभ्यासाने खोडून काढला. दुखणं, खाज, पोटातलं पाणी, झोप, भीती, हे सगळं त्यांच्या कामात येतं, आणि कर्करोगाचे उपचार चालू असतानाच येतं.

मोरपीस

एक बाजू अजून आली नाही, ती लिहिते. लाजेची.

माझ्या मोठ्या बहिणीला हेपॅटायटिस बी मधून यकृताचा कर्करोग झाला. तिने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. "लिव्हरचा" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो प्रश्न येतो, तो तिने इतक्यांदा पाहिलाय की आता ती फक्त "पोटाचा आजार" म्हणते. दुसरीकडे व्हायरसचं कळल्यावर काहींनी तिचं ताट-पेला वेगळा करायला सुचवलं. हेपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधांतून आणि आईकडून बाळाला होतो. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही. घरातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्यायची आणि ज्यांना लागण नाही त्यांनी लस घ्यायची, एवढं पुरतं. फक्त रेझर आणि टूथब्रश स्वतंत्र ठेवायचे.

तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाला. हे ताईला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने आपल्या मुलांची लस झालीय ना, हे परत एकदा विचारलं. आईकडून आलेला आजार मुलांकडे गेला नाही ना, हीच भीती तिला कर्करोगापेक्षा जास्त खात होती, आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

औदुंबर

मोरपीस, फार आवश्यक मुद्दा. मधुमेह आणि स्थूलतेबरोबर येणाऱ्या फॅटी लिव्हरमुळेही हा कर्करोग होतो, तिथेही दारूचा संबंध नसतो.

पण ज्यांचा आजार खरोखर दारूमुळे झालाय त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. ही माणसं दुखतंय असं सांगत नाहीत. "माझ्याच कर्माने झालंय, आता काय तोंडाने तक्रार करू" हे वाक्य वॉर्डात ऐकू येतं. तक्रार न करणारा रुग्ण शहाणा समजला जातो आणि त्याचं दुखणं तसंच राहतं. व्यसनाची मदत, नैराश्याची मदत आणि कर्करोगाचा उपचार एकाच वेळी चालायला हवेत. दोष कोणाचा, हा प्रश्न उपचाराच्या खोलीत आणायचं काहीच कारण नाही.

झुळूक

वाचतेय सगळं. माझ्या नवऱ्याला एन्सेफॅलोपॅथीचे झटके येऊन गेले आहेत. लॅक्टुलोज नको म्हणून रोज वाद. कारण सारखं शौचाला जावं लागतं, बाहेर पडायची भीती वाटते. त्यांचंही बरोबर आहे. शेवटी डॉक्टरांनी डोसच्या वेळा अशा बसवून दिल्या की सकाळचे काही तास मोकळे मिळतात, आणि त्या तासांत ते मित्राकडे जाऊन येतात. तेवढ्याने घरातलं वातावरण निम्मं हलकं झालं.

माझ्याबद्दल: रात्री ते उठले की मी उठते. ते बरोबर उत्तर देतायत ना, हे बघायला मी मध्यरात्री तारीख विचारते. बायको आहे की पहारेकरी, कळेनासं होतं. आता आठवड्यातून एक रात्र दीर इथे झोपायला येतात आणि मी दुसऱ्या खोलीत झोपते. मागून घ्या, बायांनो. कुणी आपणहून देत नाही.

दोन प्रश्न आहेत. यकृत खराब असताना नैराश्याच्या गोळ्या चालतात का? आणि प्रथिनं बंद करा असं काहीजण सांगतात, ते खरं का?

औदुंबर

दुसरं आधी: नाही. प्रथिनं तोडण्याचा सल्ला जुना झाला. सिऱ्होसिसमध्ये स्नायू झपाट्याने झिजतात, आणि स्नायू अमोनिया निकामी करायला मदत करतात. दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं असं साधारण उद्दिष्ट असतं, आणि झोपण्याआधी थोडं खाल्लेलं चांगलं, म्हणजे रात्रभर उपास घडत नाही. किडनीचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून.

नैराश्याच्या गोळ्या चालतात, पण निवड आणि मात्रा महत्त्वाची. खराब यकृतात औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात. ड्युलॉक्सेटिन टाळतात. सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांची माहिती मानसोपचारतज्ज्ञांना असलीच पाहिजे. गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडून देऊ नका. 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट घेऊ नका, ते सोराफेनिबसारख्या औषधांचा परिणाम कमी करतं. आणि दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. पॅरासिटामॉल मर्यादेत चालतं, सिऱ्होसिसमध्ये साधारण दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, तेही विचारूनच.

तिन्हीसांज

प्रत्यारोपणाबद्दल थोडंसं. भाऊ यादीत आहे. ५ सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत, हे १९९६ पासूनचे मिलान निकष. त्याची गाठ ४ च्या पुढे आहे. त्यामुळे दर स्कॅनला प्रश्न असतो की तो यादीत राहणार की बाहेर जाणार. कुणाच्या तरी मृत्यूची वाट बघतोय असं वाटतं, असं तो एकदा म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही, मी नुसता बसून राहिलो.

मी जिवंत दाता होऊ शकतो का याची तपासणी चालू आहे. तिथल्या समुपदेशकांनी मला एकट्याला बोलावून विचारलं की घरच्यांचा दबाव आहे का, आणि नको असेल तर कारण कुणाला कळू देणार नाही असंही सांगितलं. दबाव नव्हता, पण कुणीतरी विचारलं याने फार मोकळं वाटलं.

कवडसा

तिन्हीसांज, नुसतं बसून राहिलात हे उत्तमच केलंत. मला सगळ्यात जवळची वाटतात ती अशीच माणसं.

रानजाई

सगळ्यांचे आभार. लिव्हरच्या डॉक्टरांची पुढची वेळ लवकरची करून घेतली आहे. बाबांशीही बोलले. त्यांच्या मते सगळ्यात मोठा त्रास म्हणजे दुपारी कुणी फोन केला तर नाव आठवत नाही, म्हणून ते फोनच घेत नाहीत. हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पाणवठाताई, जीवनमानाच्या प्रश्नावल्या असतात असं वाचलं. त्या आम्ही घरी भरून नेल्या तर चालेल का? की हे फक्त संशोधनासाठी असतं?

पाणवठा

जरूर न्या. कर्करोगाच्या सगळ्या रुग्णांसाठी ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० आहे, आणि तिला जोडून खास यकृताच्या कर्करोगासाठी १८ प्रश्नांची एचसीसी१८. दुसरीत थकवा, शरीराबद्दलची भावना, कावीळ आणि खाज, खाणं, दुखणं, ताप, पोट फुगणं, लैंगिक आयुष्य असं सगळं आहे. संशोधनातही यांचं वजन आता वाढलंय. २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या औषधांच्या जोडीची सोराफेनिबशी तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा किती जगले याबरोबर हेही मोजलं होतं की रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार जीवनमान खालावायला किती काळ लागला. नव्या उपचारात मध्यक ११.२ महिने, सोराफेनिबमध्ये ३.६ महिने. कवडसा यांची गुंडी अशा आकड्यांत मोजली जाते.

भरताना मात्र काळजी घ्या. बाबांनी स्वतः भरायचं. घरची माणसं रुग्णाच्या वतीने भरतात तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा परिस्थिती वाईट दाखवतात, प्रेमापोटीच. वाचायला त्रास होत असेल तर तुम्ही प्रश्न जसाच्या तसा वाचा, समजावून सांगू नका, उत्तर सुचवू नका. आई आणि दादा त्या वेळी खोलीत नसले तर बरं. त्यांचं डोकं ज्या वेळी सगळ्यात स्वच्छ असतं ती वेळ निवडा, बहुधा सकाळची. बरेचसे प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असतात, त्यामुळे मागच्या महिन्यातलं आठवत बसायला नको. स्कॅनचा निकाल कळण्याआधी भरा, नाहीतर निकालाचा रंग सगळ्या उत्तरांना लागतो.

काही प्रश्न कोरे राहिले तर राहू द्या. लैंगिक आयुष्याचा प्रश्न पुष्कळजण मुलांसमोर सोडून देतात. डॉक्टरांना फक्त सांगा की हा कोरा आहे आणि खोलीत आम्ही कुणी नसताना त्यांना विचारा.